खरं ऐकून घेणारं माणूस व्हा

पहाटे साडेपाचला महावीर गार्डनमध्ये, रंकाळ्याच्या काठावर, विद्यापीठाच्या आवारात किंवा गल्लीतल्या मंडळाच्या हॉलमध्ये चटई अंथरणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. जे अंथरत नाहीत त्यांच्यासाठीही. 2015 पासून 21 जूनला योग दिवस साजरा होऊ लागला आणि कोल्हापुरात योगवर्ग वाढले, हे फार चांगलं झालं. गुडघे धरून जिना चढणारी माणसं आता वज्रासनात बसतात. पण पतंजलींनी योगाची जी आठ अंगं सांगितली त्यात आसनाचा नंबर तिसरा आहे. त्याच्या आधी यम आणि नियम येतात. यम पाच, आणि त्यात अहिंसेच्या पाठोपाठ सत्य. बी. के. एस. अय्यंगारांचं 1966 सालचं प्रसिद्ध पुस्तक आपण आसनांच्या छायाचित्रांसाठी उघडतो, पण त्याची सुरुवातही यम-नियमांच्या विवेचनानेच होते. ती पानं आपण भराभर उलटतो, कारण तिथे शरीराला काही करायचं नसतं आणि ‘खरं बोलावं’ हे तर पहिलीतच शिकून झालेलं असतं.

माझं म्हणणं असं आहे की ते शिकून झालेलं नाही. योगशास्त्रातलं सत्य शाळेतल्या सुविचारापेक्षा पुष्कळ बारकाईचं आहे आणि रोजच्या व्यवहारात ते सरावाने बसवावं लागतं. तो सराव कसा करावा हे सांगायचं आहे.

योगसूत्रांवर व्यासांचं भाष्य आहे. त्यात सत्याचा अर्थ फार सरळ दिला आहे. जे जसं पाहिलं, जसं अनुमानाने कळलं, जसं ऐकलं, तसंच मनात असावं आणि तसंच वाणीत यावं. इथे पाहणं, अंदाज करणं आणि ऐकणं या तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. आपलं अर्ध्याहून अधिक खोटं बोलणं या तिन्हींची सरमिसळ केल्याने होतं. मुद्दाम फसवायचा हेतूही नसतो. ऐकलेलं आपण पाहिल्यासारखं सांगतो आणि अंदाज छातीठोकपणे सांगतो, एवढंच.

याचं उदाहरण कोल्हापूरकराला शोधावं लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा चढायला लागली की सगळं शहर राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीकडे डोळे लावून बसतं. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे आकडे इथल्या पोरांनाही पाठ आहेत. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले याची चौकशी घराघरात चालते. 2019 आणि 2021 चे महापूर ज्यांनी भोगले त्यांना त्या रात्री आठवत असतील. अशा वेळी मोबाइलवर आलेला संदेश आपण पुढे ढकलतो, तेव्हा त्यात आपली साक्ष मिसळलेली असते. शाहूपुरीतला माणूस तुमच्या शब्दावर सामान माळ्यावर चढवतो, म्हाताऱ्या आईला हलवतो, किंवा ‘काही नाही, ओसरतंय’ या तुमच्या दिलाशावर झोपून राहतो. म्हणून पहिला सराव हा: काहीही सांगताना ते कुठून आलं तेही सांगा. ‘मी स्वतः बघून आलो.’ ‘माझा अंदाज आहे.’ ‘शेजारचे सांगत होते, खात्री केलेली नाही.’ वाक्य थोडं लांबतं, पण ऐकणाऱ्याला त्याच्यावर किती भार टाकायचा ते कळतं. पुरात सांगा, आणि मग भावकीतल्या भांडणाबद्दल, कुणाच्या सुनेबद्दल, ऑफिसातल्या बदलीबद्दल बोलतानाही तसंच सांगा. काही दिवसांत लक्षात येईल की बऱ्याच गोष्टी सांगायच्याच राहतात, कारण ‘ऐकीव आहे’ असं तोंडाने म्हटल्यावर त्या सांगण्यात राम उरत नाही.

भाष्यकार पुढे वाणीचे दोष सांगतात. ती फसवणारी नसावी, भ्रमातून आलेली नसावी, आणि ऐकणाऱ्याला काहीच बोध न करणारी नसावी. पहिल्या दोषाचं उदाहरण म्हणून भाष्यावर टीका लिहिणाऱ्या वाचस्पती मिश्रांनी धर्मराजाला धरलं आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता आणि शब्दाला शब्द जुळत होता, पण द्रोणाचार्यांच्या मनात जे उतरावं म्हणून ते वाक्य म्हटलं ते खोटं होतं. आपल्या व्यवहारात हे हत्ती पदोपदी भेटतात. ‘गाडी एका हातानं वापरलेली आहे’ हे खरं असतं, मधला अपघात तेवढा सांगितलेला नसतो. ‘मुलगा पुण्यात कंपनीत आहे’ हेही खरं, पण कंत्राटावर आहे आणि मार्चमध्ये मुदत संपते हे मुलीकडच्यांना लग्नानंतर कळतं. स्थळं जुळवताना दडवलेला आजार, दडवलेलं कर्ज, दडवलेला पहिला साखरपुडा यांनी किती संसार सुरू होताच मोडले हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. शब्द तपासून बघू नका. समोरच्याच्या डोक्यात काय चित्र उभं राहिलं ते तपासा. ते चित्र चुकीचं आहे हे तुम्हाला माहीत असेल आणि तरीही तुम्ही गप्प राहिलात, तर ते असत्य तुमच्याच नावावर आहे.

यमांना सूत्रकारांनी महाव्रत म्हटलं आहे, ते एका अटीवर: जात, ठिकाण, वेळ आणि प्रसंग पाहून सूट घ्यायची नाही. भाष्यात याचं उदाहरण अहिंसेचं आहे. कोळी म्हणतो, मी मासे सोडून कुणाला मारत नाही. दुसरा म्हणतो, तीर्थाच्या ठिकाणी मारत नाही. तिसरा चतुर्दशीला मारत नाही. सत्याच्या बाबतीत आपण सगळे त्या कोळ्यासारखेच वागतो. अंबाबाईच्या दारात खोटं बोलणार नाही, महाद्वार रोडवर आलो की हरकत नाही. श्रावणात नाही. घरच्यांशी नाही, पण गिऱ्हाइकाशी चालतं, कारण ‘धंदा म्हटलं की असंच असतंय’. निवडणुकीत तर बेल-भंडारा उचलायला लावतात. भंडारा उचलल्यावर माणूस खरं बोलेल असं आपण धरून चालतो, तेव्हा भंडारा न उचलता बोललेल्या त्याच्या रोजच्या शब्दाची किंमत आपणच शून्य ठरवलेली असते. जोतिबाची, आईची, पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ बंद करून बघा. सुरुवातीला लोक ‘शपथ घे की’ म्हणतील. घेऊ नका. शांतपणे तेच वाक्य पुन्हा सांगा.

आता अवघड भाग. ‘खरं बोलून कुणाचा जीव जात असेल तर?’ हा प्रश्न सत्याचा विषय निघाला की हटकून येतो, आणि तो योग्यच आहे. वाचस्पती मिश्रांच्या त्याच टीकेत सत्यतपा नावाच्या एका तपस्व्याचा उल्लेख आहे. दरोडेखोरांनी त्याला विचारलं, व्यापाऱ्यांचा तांडा कुठल्या वाटेने गेला? त्याने सत्यव्रत म्हणून वाट दाखवली. शास्त्र याला सत्य मानत नाही. वाणी सर्व प्राण्यांच्या भल्यासाठी आहे, घातासाठी नाही. घात होत असेल तर ते पुण्याचं सोंग आहे, असं भाष्यात स्पष्ट म्हटलं आहे. अहिंसा पहिली आणि सत्य दुसरं, हा क्रम उगीच नाही. पण या एका सवलतीवर आपण केवढा संसार उभा केला आहे ते पाहा. तांड्यामागे दरोडेखोर लागलेत अशी वेळ आयुष्यात एखाद्यावरच येते. ‘त्याला वाईट वाटेल’ म्हणून आपण रोज जे बोलतो त्यात बहुतेकदा आपल्यालाच अवघड क्षण नको असतो.

यातला सगळ्यात जड प्रसंग दवाखान्यातला. वडिलांना कॅन्सर निघतो. घरचे डॉक्टरांना केबिनबाहेर गाठतात आणि म्हणतात, ‘त्यांना सांगू नका, खचतील.’ मग घरात कुजबुज सुरू होते, फायली लपवल्या जातात, ‘साधी गाठ आहे’ असं सांगून किमो दिली जाते. या मुलांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. तरी विचारतो, ज्या माणसाने पन्नास वर्षं घर चालवलं, जमिनीचे निकाल लावले, तीन लेकरांची लग्नं केली, त्याच्या स्वतःच्या देहाची बातमी त्याच्यापासून ठेवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? त्याला कुणाला भेटायचं असेल, एखादा कागद करायचा असेल, पंढरपूरला जाऊन यायचं असेल. आणि पुष्कळ रुग्णांना कळलेलंच असतं. ते मुलांसाठी न कळल्याचं नाटक करतात, मुलं त्यांच्यासाठी, आणि शेवटचे महिने दोघेही एकमेकांपासून लांब राहतात. यातला मार्ग असा की सांगायच्या आधी विचारावं: ‘आण्णा, रिपोर्ट आलेत. सगळं तुम्हाला सांगू, की आम्ही बघू?’ काही माणसं म्हणतात, तुम्हीच बघा. तो त्यांचा निर्णय, तो पाळा. जे ‘सांग’ म्हणतील त्यांना सांगा, जवळ बसून, त्यांच्या वेगाने, एका दिवसात सगळं न ओतता. क्रूरपणा आणि लपवाछपवी यांच्यामध्ये एवढी मोठी जागा आहे आणि सत्याचा खरा सराव तिथेच होतो.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे त्याकडे येतो. यम मोडण्याचे तीन प्रकार सूत्रात सांगितले आहेत: स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसऱ्याने केलेल्याला मान्यता दिलेलं. त्याला लोभ, क्रोध, मोह अशी तीन कारणं जोडली, सौम्य-मध्यम-तीव्र अशा पायऱ्या आणि त्यांच्याही पोटपायऱ्या धरल्या, की भाष्यकार एकट्या हिंसेचे 81 भेद मोजतात आणि म्हणतात, असत्याचंही असंच लावून घ्या. एवढी मोजदाद लक्षात ठेवायची गरज नाही. पहिले तीन शब्द तेवढे लक्षात ठेवा. खोटं बोलणारा एकटा नसतो. त्याला बोलायला लावणारा असतो, आणि ऐकून समाधान पावणाराही असतो.

गुळाचंच घ्या. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. पुढे 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. काहिलीत रस उकळताना भेंडीचं पाणी घालून मळी काढायची, आधण नेमकं कधी उतरवायचं हे गुळव्याच्या नजरेने ठरवायचं, ही पिढ्यांची कला आहे. नीट केलेल्या गुळाचा रंग उसाच्या जातीवर, मातीवर, आधणावर ठरतो. तो सोनेरी येतो, तांबूसही येतो, कधी काळपटही. पण बाजाराला पिवळाधमक रवा, म्हणजे ढेप, पाहिजे. गुजरातकडे माल जातो तिथेही पिवळ्याला मागणी आणि इथल्या दुकानातही. मग काही गुऱ्हाळांवर रसात हायड्रॉसची पावडर पडते. ती रंग उडवते. गंधकाचा अंश मागे राहतो आणि दमेकऱ्यांना तो त्रास देऊ शकतो. गूळ ठेवला की रंग पुन्हा गडद होतो, ती गोष्ट वेगळी. गुळात साखर मिसळण्याच्या तक्रारीही इथे नव्या नाहीत.

यात खोटं कुणाचं? आपण पटकन गुऱ्हाळवाल्याकडे बोट दाखवतो. पावडर त्याने टाकली, हे खरं. पण सौद्यात तांबूस रव्याला कमी भाव देणाऱ्याने ती टाकायला लावली. आणि दुकानात उभं राहून ‘हा नको, तो पिवळा दाखवा’ म्हणणारे तुम्ही-आम्ही, आपण त्याला मान्यता दिली, पैसे मोजून. ज्या शेतकऱ्याने खरा रंग बाजारात आणला त्याला आपण शिक्षा केली आणि ज्याने रंगवला त्याला बक्षीस. गडद दिसला म्हणजे तो शुद्धच असं मी म्हणत नाही. करपलेल्या आधणाचा गूळही काळा येतो आणि ‘सेंद्रिय’ अशी चिठ्ठी लावून वाट्टेल ते विकणारेही आहेत. म्हणूनच विचारावं लागतं. विचारल्यावर खरं उत्तर मिळालं तर ते देणाऱ्यावर खेकसायचं नाही, हा त्यातला महत्त्वाचा भाग.

घरातही तेच चालतं. मूल चाचणीत कमी गुण मिळाल्याचं पहिल्यांदा खरंच सांगतं. त्या दिवशी त्याच्या वाट्याला काय आलं, यावर ते दुसऱ्यांदा काय सांगणार हे ठरतं. फोन वाजल्यावर ‘पप्पा घरात नाहीत म्हणून सांग’ असं आपण त्याला शिकवतो आणि पुढे तेच पोर शाळा बुडवून खोटं बोललं की त्याला संस्काराचं भाषण देतो. सून माहेरी किती पैसे पाठवले हे का दडवते? कामगार ‘सायकल पंक्चर झाली’ का सांगतो? ‘रात्री जागरण झालं, जाग आली नाही’ असं खरं सांगणाऱ्याला या जागेवर मागे काय अनुभव आला होता हे तो विसरलेला नसतो. म्हातारी आई ‘गोळ्या घेतल्या’ म्हणते आणि घेतलेल्या नसतात, कारण खरं सांगितलं की अर्धा तास बोलणी बसतात.

म्हणून माझं आवाहन असं आहे. आपण किती खरं बोलतो याचा हिशेब पाहिजेच, पण त्याआधी आपल्यापुढे किती माणसांना खरं बोलता येतं ते बघा. घरात, दुकानात, वर्गात, ऑफिसात तुमच्या हाताखाली जी माणसं आहेत त्यांची नावं मनात घ्या. तुमच्याजवळ येऊन ‘माझ्याकडून चुकलं’ असं म्हणायला त्यांच्यापैकी कोण धजेल? कोणी धजत नसेल तर त्या माणसांच्या खोट्यातला काही वाटा तुमचा आहे. करवलेलं असत्य ते हेच. यावर उपाय कठीण आहे, कारण तो बोलण्याचा नसून सोसण्याचा आहे. वाईट बातमी आली की पहिला श्वास सोडेपर्यंत काही बोलायचं नाही. प्राणायाम करता ना, त्याचा इथे उपयोग आहे. मग पहिलं वाक्य: ‘सांगितलंस ते बरं केलंस.’ नुकसानभरपाई, शिस्त, कानउघाडणी हे सगळं त्यानंतर होऊ द्या. शिक्षा करायचीच असेल तर ती चुकीबद्दल करा. सांगितल्याबद्दल ती होतेय असं त्याला वाटू देऊ नका.

कोल्हापूरला हा धडा परका नाही. जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला आणि 1911 मध्ये शाहू महाराजांच्या पाठबळाने तो कोल्हापुरात उभा राहिला. जुन्या भाष्यकारांच्या आणि सत्यशोधकांच्या वाटा एकमेकींपासून फार दूरच्या, त्यांना ओढूनताणून एक करायचं मला कारण नाही. पण गंगाराम कांबळे यांची हकिकत इथे सांगावीशी वाटते. ते महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांसाठी राखलेल्या हौदातल्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. ते महाराजांपुढे आले आणि झालं ते सांगितलं. महाराजांनी ते ऐकून घेतलं, मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा करायला सांगितलं. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, नाव ठेवलं सत्यसुधारक. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तेव्हा महाराज रस्त्यात गाडी थांबवून तिथला चहा मागवत, स्वतः पीत आणि सोबतच्या मंडळींनाही प्यायला लावत. 1919 मध्ये त्यांनी सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये म्हणून हुकूम काढले. हुकूम काढणारे राजे आणखीही झाले असतील. भर रस्त्यात कप तोंडाला लावणं ही वाणीच्या पुढची गोष्ट आहे. आणि ती सुरू झाली एका नोकराला धन्यापुढे खरं सांगता आलं तिथून.

सत्यात स्थिर झालेल्या माणसाचा शब्द फळतो, असं सूत्र म्हणतं. त्याला वाचासिद्धी म्हणून चमत्काराच्या खात्यात टाकायची घाई करू नका. प्रत्येक पेठेत असा एखादा माणूस असतो ज्याच्या शब्दावर चिठ्ठीशिवाय माल उचलला जातो, ज्याने ‘उद्या अकराला’ म्हटलं की लोक अकराला दार उघडून बसतात. तो बोलतो कमी आणि कबूल करतो त्याहून कमी. ‘बघतो’, ‘करूया की’, ‘नक्की येतो’ हे आपण भिडेखातर म्हणतो आणि संध्याकाळपर्यंत विसरतो. त्याऐवजी ‘जमणार नाही’ म्हणायला शिका. दसरा चौकात असाल तर दसरा चौकात आहे म्हणा आणि घरातून निघाला नसाल तर निघालो नाही म्हणा. फोनवरचं हे एवढंसं खोटं सोडणं पद्मासनापेक्षा अवघड जातं.

आणि घसराल तेव्हा काय करायचं, तेही सांगतो, कारण घसरणं होणारच. तोंडातून खोटं गेलं हे बहुतेकदा गेल्यानंतरच्या क्षणी कळतं. झोपायच्या आधी ते दुरुस्त करा. ज्याला सांगितलं त्यालाच फोन लावा: ‘मघाशी मी म्हटलं ते बरोबर नव्हतं. खरं असं आहे.’ एवढंच म्हणा. का खोटं बोललो याची कारणं देऊ नका, कारणं देता देता दुसरं खोटं तयार होतं. समोरचा चिडला तर चिडू द्या, हसला तर हसू द्या. फोन ठेवल्यावर सकाळी साडेपाचचा गजर लावा आणि झोपा.